पाषाणाचा वाघ आणि रानातला वाघ

गोव्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ प्रदेशात, रानाच्या तोंडाशी एखाद्या जुनाट वृक्षाखाली वाघाची आकृती कोरलेला पाषाण उभा असलेला आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. ग्रामस्थ त्याला वाघ्रो म्हणतात. त्याच्यासमोर नारळ ठेवल्याखेरीज, निदान हात जोडल्याखेरीज, जुना माणूस रानात पाऊल टाकीत नसे. हा पाषाण कोणा निष्णात शिल्पकाराने घडविलेला नसतो. कित्येकदा तो वाघ आहे की मांजर, हेही परक्याला उमगत नाही. पण त्यामागची भावना अगदी स्पष्ट असते. रानाला धनी आहे, आपण त्याच्या घरी गेलेले पाहुणे आहोत आणि पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे, ही ती भावना. याच भावनेने आपल्या पूर्वजांनी देवराया राखल्या, वारुळाला सातेरी मानून तिच्यासाठी देऊळ उभारले आणि दुर्गेच्या पायाशी सिंह-व्याघ्रांना स्थान दिले.

या पाषाणाच्या वाघाला आजही फुले मिळतात. रानातल्या वाघाला काय मिळाले, ते पाहा. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे, म्हादई अभयारण्याच्या परिसरात, एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले मरून पडलेली आढळली. वाघाने मारलेल्या जनावराच्या मांसात विष कालवून त्यांचा काटा काढण्यात आला होता. २०१८ सालच्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत गोव्याच्या नावावर तीन वाघ मांडले होते. म्हणजे सरकारच्या वहीत होते तीन आणि मारले गेले चार! जमेपेक्षा खर्च अधिक झाल्याचा असा हिशेब एखाद्या देवस्थानच्या खजिनदाराने मांडला असता, तर महाजनांनी त्याला भरसभेत उभा केला असता. आमच्या विधानसभेने कोणाला उभे केले? आणि हा पहिलाच प्रसंग होता असेही नाही. २००९ साली याच तालुक्यातील केरी येथे एक वाघ मारला गेल्याचे उघडकीस आले होते. ते उघडकीस आणण्यात लेखक व पर्यावरणाचे अभ्यासक श्री. राजेंद्र केरकर यांचा पुढाकार होता. त्या घटनेनंतर जागे व्हायला राज्यकर्त्यांना अकरा वर्षे मिळाली होती.

विष घालणाऱ्याचे समर्थन आम्ही करणार नाही. तो गुन्हाच आहे आणि आपल्या परंपरेच्या दृष्टीने पातकही आहे. परंतु गोळावलीच्या प्रकरणात अटक झाली ती गुरे पाळून पोट भरणाऱ्या कुटुंबातील माणसांना. ज्याचे दुभते जनावर रानाच्या कडेला मरून पडते, ज्याला त्या जनावरावाचून दुसरा आधार नसतो, त्याच्या संतापाची कल्पना घरात चार गुरे बाळगलेल्या कोणालाही करता येईल. कायद्याचा हात त्याच्या मानगुटीपर्यंत चटकन पोचला. पण ज्यांच्या टेबलावर याच वाघांच्या रक्षणाचा प्रस्ताव नऊ वर्षे धूळ खात पडला होता, त्यांच्या अंगरख्यालाही कोणी शिवले नाही. आजचा हा लेख त्यांच्यासंबंधी आहे.

प्रथम कायद्याचे स्वरूप समजून घेऊ. कारण त्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत, आणि काही मुद्दाम पसरविलेलेही आहेत. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या काळी तेथे १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा लागू होता. त्यात शिकारीसाठी परवाने मिळत. कोणते जनावर कोणत्या परवान्यावर मारावे, हा त्यातील बंधनाचा एक भाग. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा केंद्रीय अधिनियम आला. तो दिल्लीने राज्यांच्या माथी मारला, असे आमदारांच्या भाषणांतून अधूनमधून ऐकू येते. वस्तुस्थिती उलट आहे. त्या वेळी हा विषय राज्यांच्या अखत्यारीत होता. म्हणून अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला असा कायदा करण्याची विनंती केली आणि मगच तो झाला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत गेला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौशी शिकारही बंद झाली. इतकेच नव्हे, तर प्रत्येक राज्यात जे वन्यजीव मंडळ असावे लागते, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री, उपाध्यक्ष वनमंत्री आणि सदस्यांत विधिमंडळाचे सभासद असलेच पाहिजेत, असे कायद्यातच लिहिलेले आहे. तात्पर्य, रानाच्या रक्षणाची जोखीम आमदारांच्या गळ्यात कोणी बाहेरच्याने बांधलेली नाही. ती त्यांच्या पदाबरोबरच येते.

ही जोखीम गोव्याच्या लोकप्रतिनिधींनी कधीच उचलली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुक्तीनंतर अवघ्या काही वर्षांत, कै. भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, मोले, खोतीगाव आणि बोंडला ही अभयारण्ये अस्तित्वात आली. शाळा, रस्ते, कुळांचे प्रश्न अशी शेकडो कामे खोळंबली असतानाही त्या पिढीला रानासाठी सवड सापडली. त्यानंतर मात्र गोष्ट पालटली. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन मोठी अभयारण्ये जाहीर झाली ती १९९९ साली, आणि ती राज्यपाल लेफ्टनंट जनरल जेकब यांनी जाहीर केली. त्या वेळी गोव्यात राष्ट्रपती राजवट होती. रानाचे एवढे मोठे काम व्हायला विधानसभा जाग्यावर नसणेच सोयीचे ठरले, ही आमच्या लोकशाहीला भूषणावह गोष्ट खचित नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. २०११ साली तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री श्री. जयराम रमेश यांनी गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री श्री. दिगंबर कामत यांना पत्र लिहून म्हादईचे व्याघ्र राखीव क्षेत्र करण्याचा प्रस्ताव पाठवावा, असे सुचविले. २०१६ साली राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने तीच शिफारस केली. चार वाघ मेल्यावर २०२० साली ती पुन्हा झाली. या मुदतीत सरकारे बदलली, पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले. बदलली नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे टाळाटाळ. येथे एका पक्षाला झाकून दुसऱ्याला उघडे पाडण्याचा आमचा हेतू नाही. दोघांच्याही हाताला तोच डाग आहे.

या टाळाटाळीला जी कारणे देण्यात आली, त्यांत पहिले असे की, गोव्यात वाघ राहतच नाहीत. ते शेजारच्या कर्नाटकातून येतात आणि फिरून परत जातात. हे ऐकून आम्हांस हसावे की रडावे ते कळेना. नोकरीसाठी, जमिनीसाठी, शाळाप्रवेशासाठी रहिवासी दाखला मागण्याची आपल्याला सवय झाली आहे, हे खरे. पण वाघानेही मामलेदाराकडे अर्ज करावा, अशी अपेक्षा असेल असे वाटले नव्हते. म्हादई, मोले, नेत्रावळी आणि खोतीगाव यांचे रान सलग आहे. उत्तरेकडे ते खानापूर तालुक्यातील भीमगडाला भिडते आणि दक्षिणेकडे दांडेली-अणशीच्या काळी व्याघ्र क्षेत्राला. या रानात माणसाने आखलेली राज्याची सीमा वाघाला कोणी दाखवून दिलेली नाही. आणि गोळावलीची ती वाघीण तर तीन पिल्ले घेऊन वावरत होती. बाळंतपणासाठी लेक माहेरी येते. परक्याच्या ओसरीवर कोणी पाळणा बांधीत नाही. म्हादईचे रान हे त्या वाघिणीचे माहेर होते, आणि त्या माहेरीच तिचा घात झाला.

अखेर प्रकरण न्यायालयात गेले. गोवा फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने, न्या. महेश सोनक आणि न्या. भारत देशपांडे यांनी, २४ जुलै २०२३ रोजी निकाल दिला. तीन महिन्यांच्या आत व्याघ्र राखीव क्षेत्र अधिसूचित करा, शिकाऱ्यांना आळा घालण्यासाठी रानात चौक्या उभारा आणि आदिवासी व वनवासी यांचे हक्क बारा महिन्यांत निश्चित करा, असा त्याचा आशय. न्यायमूर्तींना या वेळी महाभारताची आठवण झाली. वनावाचून वाघाचा नाश होतो आणि वाघावाचून वनाचा, हा उद्योगपर्वातील विचार कीर्तनातून आपण अनेकदा ऐकला आहे. विदुराने तो धृतराष्ट्राला ऐकविला होता. धृतराष्ट्राने तो ऐकून घेतला आणि काहीच केले नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे.

गोवा सरकारने काय केले? ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वेळी वनमंत्री होते श्री. विश्वजित राणे. ते २००७ पासून सत्तरीतील वाळपई मतदारसंघाचे आमदार म्हणून निवडून येत होते. म्हणजे ज्यांच्या मतदारसंघाला लागून वाघांचे रान, ज्यांच्या हाती वनखात्याची सूत्रे, त्यांनीच व्याघ्र क्षेत्राला उघड विरोध केला. एका व्यक्तीला लक्ष्य करण्याची आम्हांस हौस नाही. मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ त्यांच्याबरोबर होते, आणि ज्यांनी त्यांना अडविले असते ते विरोधी सभासदही मतांच्या धास्तीने पुष्कळदा हातचे राखूनच बोलले. परंतु ज्याच्या हाती किल्ली, त्याच्याकडेच कोठीचा जाब मागावा लागतो.

आणि या जाबात एक गोष्ट अशी आहे की, तिच्याविषयी मौन पाळणे आम्हांस शक्य नाही. निकालाच्या सहाच महिने आधीचा, जानेवारी २०२३ चा, काळ वाचकांनी आठवावा. कळसा-भांडुरा योजनेच्या कर्नाटकाच्या आराखड्याला केंद्रीय जल आयोगाने मान्यता दिल्याची वार्ता आली आणि गोव्यात संतापाची लाट उसळली. तो संताप आम्हांलाही मान्य आहे. म्हादई ही गोव्याची जीवनदायिनी. तिचा ओघ वळविला, तर मांडवीकाठची शेते, खाजणे आणि विहिरी यांचे काय होईल, हा प्रश्न खराच आहे. त्या वेळी गोव्याने कोणते शस्त्र उपसले? याच वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे! अभयारण्यात येणाऱ्या किंवा तेथून जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह वळविता येत नाही, असे त्यातील २९ वे कलम सांगते. त्या कलमाच्या आधारे गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कर्नाटकाला नोटीस बजावली आणि वनमंत्र्यांनी त्या पावलाचा उच्चरवाने पुरस्कार केला.

म्हणजे जानेवारीत हा कायदा आमची ढाल होता, आणि जुलैत तोच कायदा आमच्या गळ्याचा फास झाला! पाण्यासाठी अभयारण्य पवित्र, वाघासाठी मात्र ते अडचणीचे. ज्या रानाला व्याघ्र क्षेत्राचा दर्जा मिळाला असता, त्या रानातील नदीची बाजू न्यायाच्या दरबारात किती बळकट झाली असती, हे समजायला वकिलाची सनद लागत नाही. म्हादईमातेच्या नावाने सभा गाजवायच्या आणि तिच्या रानाचा राखणदार मात्र दारात नको म्हणायचे, ही वृत्ती देवीची पालखी खांद्यावर घेऊन तिच्या देवळाचे वासे विकणाऱ्याची आहे.

विरोधाचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे, आणि त्याचा विचार आम्ही अधिक आदराने करू. व्याघ्र क्षेत्र झाले तर गावेच्या गावे उठविली जातील, काजूच्या बागा जातील, कुळागरे जातील, देव उघड्यावर पडतील, अशी भीती सत्तरीत घरोघरी शिरली. ही भीती बाळगणाऱ्या माणसाला आम्ही दोष देत नाही. वाडवडिलांनी लावलेली पोफळ आणि घराण्याने पुजलेला देव सोडून जाण्याच्या नुसत्या कल्पनेने ज्याच्या पोटात गोळा येत नाही, तो माणूस कसला? परंतु ही भीती त्याच्या मनात घालणाऱ्याने कायदा वाचला होता की नाही, हे विचारणे आमचे कर्तव्य आहे.

कायदा असे सांगतो की, वनहक्क निश्चित केल्याखेरीज आणि ग्रामसभेची व संबंधित कुटुंबांची समजून-उमजून दिलेली संमती असल्याखेरीज वाघांच्या गाभाक्षेत्रातूनही कोणाला हलविता येत नाही. पुनर्वसन व्हायचे ते राजीखुशीनेच. गाभाक्षेत्राभोवतीचे जे बाह्य क्षेत्र असते, त्यात तर माणसांची वस्ती आणि उपजीविका चालावी, हेच अभिप्रेत आहे. शिवाय म्हादईला अभयारण्याचा दर्जा १९९९ सालीच मिळाला होता. त्यानंतर तेथील शेतकऱ्यांचे जमिनीवरील हक्क ठरवून त्यांच्या हाती कागद देण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. इतके की, चोवीस वर्षांनी न्यायालयाला त्यासाठी मुदत घालून द्यावी लागली. ज्यांना सत्तरीच्या शेतकऱ्याचा खरोखर कळवळा होता, त्यांनी या चोवीस वर्षांत काय केले? हक्काचा कागद हाती असलेला माणूस निर्भय असतो. त्याला निवडणुकीच्या तोंडावर घाबरविता येत नाही. कागद अडला राहिला आणि भीती मात्र घरपोच झाली, यात ज्याचा लाभ, त्याचीच ही करणी, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याचे तोंड कसे धरणार?

शिकारीच्या प्रश्नावर तर आमच्या लोकप्रतिनिधींच्या बुद्धीची कमाल आहे. २०१६ साली गोव्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांनी शेतीला उपद्रव देणाऱ्या प्राण्यांची नावे घेताना रानडुक्कर, माकड आणि गवा यांच्या पंक्तीला मोरालाही बसविले. मोर हा राष्ट्रपक्षी, कार्तिकेयाचे वाहन. गवा हा खुद्द गोव्याचा राज्यप्राणी. राज्याच्या मानचिन्हालाच राज्याने उपद्रवी ठरवावे, हा प्रकार ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ या म्हणीच्याही पलीकडचा आहे. त्याच वर्षी विधानसभेने कायद्यात दुरुस्ती करून माड हा वृक्षच नव्हे असे ठरविले होते, हे वाचकांना स्मरत असेल. ज्याचे फळ ठेवल्यावाचून आपल्या घरात एकही मंगल कार्य होत नाही, त्या कल्पवृक्षाला वृक्षांच्या यादीतून काढून टाकण्यात आले. पुढे लोकक्षोभ झाला, सरकार बदलले आणि २०१७ साली त्याच माडाला राज्यवृक्ष म्हणून गौरविण्याचे ठरले. यादीतून काढण्याचा आणि यादीत घालण्याचा हा खेळ पाहिल्यावर मुका वाघ कोणत्या भरवशावर जगावा?

रानडुकरांमुळे शेतकऱ्याचे नुकसान होत नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. रातोरात उपटलेले कणग आणि लोळविलेले भात आम्हीही पाहिले आहे. परंतु माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा पिकांची धूळधाण करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त करण्याची वाट या कायद्यात आहेच; योग्य अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने तो करता येतो. शेजारच्या महाराष्ट्राने २०१५ साली रानडुक्कर व नीलगाय यांच्याबाबत तशी व्यवस्था केलीही. तेव्हा कायदा आडवा येतो, ही सबब खोटी आहे. आडवा येतो तो आळस. आणि सर्वांत मोठी विसंगती पुढेच आहे. रानडुक्कर हे वाघाचे खाद्य आहे. डुकरे माजली म्हणून विधानसभेत ओरडायचे आणि डुकरांना धाकात ठेवणारा जो एकमेव पगाराविना राबणारा चाकर, त्याला मात्र रहिवासी दाखला नाही म्हणून हाकलायचे! एखाद्या बागायतदाराने असा कारभार केला असता, तर त्याला गावाने वेड्यात काढले असते.

येथे आमचे काही वाचक म्हणतील, देवधर्म आणि साहित्य-संस्कृती यांना वाहिलेल्या मासिकाने या राजकारणात का पडावे? त्यांना आमचे उत्तर असे की, हा आमचाच विषय आहे आणि आम्हीच तो परक्यांच्या हाती सोपविला आहे. केरीची आजोबाची राय किंवा बांबर येथील निरंकाराची राय आजवर उभी राहिली ती वनखात्याच्या पहाऱ्यामुळे नव्हे. देवाच्या नावाने घातलेली मर्यादा गावाने पाळली म्हणून ती राहिली. तांबडी सुर्लचे कदंबकालीन महादेव मंदिर आज ज्या गर्द वनराईत उभे आहे, ती उद्या उरली नाही, तर मागे राहील ती पाहण्यासारखी इमारत, तीर्थ नव्हे. जी मर्यादा देवामुळे गावाने पाळली, तीच आता कायद्यात लिहिली गेली आहे, एवढेच. मग देवळाच्या मंडपात बसून आपण कायदा मोडणाऱ्याची तरफदारी करणार की पाळणाऱ्याची?

आणि दोष केवळ आमदारांच्या पदरी टाकून आम्हांला मोकळे होता येणार नाही. रानडुकराचे मांस आले म्हणून गुपचूप पंगत बसविणारे, रूढीने चालत आलेल्या पारधीच्या नावाखाली बंदुकीला तेल लावणारे आणि ‘आमच्या गावचीच मुले आहेत’ म्हणून पोलीस ठाण्यावर शब्द टाकायला आमदारांकडे धाव घेणारे आपल्यातच आहेत. आमदार हा समाजाचा आरसा असतो. आरशात दिसणारे तोंड आवडले नाही, तर आधी तोंड धुवावे लागते.

प्रकरणाचे पुढे काय झाले, तेही सांगणे प्राप्त आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ स्थिती राखण्यास सांगून आपल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीला सर्व बाजू तपासण्यास सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये समितीने टप्प्याटप्प्याने जाण्याची शिफारस केली. काळी व्याघ्र क्षेत्राला लागून असलेल्या आणि वस्ती विरळ असलेल्या खोतीगाव व नेत्रावळीपासून आरंभ करावा आणि ज्या म्हादईत वस्ती अधिक, तिचा विचार नंतरच्या टप्प्यात व्हावा, असा तिचा अभिप्राय. लोकांची भीती लक्षात घेऊन सबुरीने पावले टाकण्याचा हा मार्ग असेल. त्याला आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र दोन गोष्टी नोंदवितो. जेथे विष घातले गेले, तेच रान नंतरच्या टप्प्यासाठी राहिले, ही पहिली. आणि कोणत्या गावात किती घरे आहेत, कोणाला काय हवे आहे, हे मोजून-विचारून वाट काढण्याचे जे काम समितीने थोड्या आठवड्यांत केले, ते करायला आमच्या निवडून दिलेल्या सरकारांना चौदा वर्षे पुरली नाहीत, ही दुसरी.

खानापूर आणि बेळगावकडच्या आमच्या वाचकांनी हा गोव्याचा घरगुती तंटा समजू नये. कणकुंबीच्या माउलीच्या सान्निध्यात उगम पावणारा कळसा आणि भीमगडाच्या कड्यांवरून उतरणारे रान ही गोव्याची आणि सीमाभागाची सामाईक मिळकत आहे. माणसांच्या सीमेचा प्रश्न जेव्हा सुटायचा तेव्हा सुटेल. पण रान मात्र आजही एकसंध आहे, आणि ते राखण्याची जबाबदारी दोन्हीकडच्या मराठी माणसावर सारखीच पडते. गोव्याच्या आमदारांना विचारायचे प्रश्न त्यांनी आपल्याही आमदारांना विचारावेत.

ते प्रश्न आम्ही येथे मांडतो. रानालगतच्या शेतकऱ्यांचे किती हक्कदावे आपल्या कारकिर्दीत निकाली निघाले आणि किती अडले? वन्य जनावराने गुरे मारली, पीक उद्ध्वस्त केले, तर भरपाई किती दिवसांत हाती पडते, आणि ती लवकर मिळावी म्हणून आपण सभागृहात काय केले? म्हादईच्या पाण्यासाठी ज्या कायद्याची आपण शपथ घेतली, तोच कायदा तिच्या वाघासाठी पाळणार की नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला तिसऱ्याचे भय वाटण्याचे कारण नाही. ज्याच्यापाशी ती नाहीत, तो तिसऱ्या प्रश्नावर मोठ्याने बोलेल, एवढी खूण लक्षात ठेवावी.

जत्रा, शिगमा, कालोत्सव जवळ आले की देवस्थान समित्या आमदार-मंत्र्यांना आग्रहाने बोलावितात, पहिल्या रांगेत बसवितात आणि शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करतात. पाहुण्याचा मान राखणे हा आपला धर्म आहे. तो सोडा, असे आम्ही म्हणत नाही. पण महाजनहो, सत्कारापूर्वी हे तीन प्रश्न त्यांच्या हाती लिहून द्या आणि सभेसमोर उत्तर मागा. उत्तर येईपर्यंत ते श्रीफळ वाघ्रोच्या पाषाणापुढेच राहू द्या.